फ्लेक्सवरचे ते चाळीस चेहरे उगाच नसतात!

निवडणुकीचं दरपत्रक कधी वाचलंय तुम्ही? नसेल तर कुठूनही मिळवा आणि वाचाच. मी अजून त्याच्या नशेत आहे! प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांच्या खर्चाचा हिशेब धरायला जिल्हा निवडणूक अधिकारी ही यादी ठरवतात. खुर्चीचं दिवसाचं भाडं किती, मंडप किती, चहा किती, नाश्ता किती, हार लहान असेल तर किती अन् मोठा असेल तर किती, शाल, ढोलताशा, ऑटोवरचा भोंगा, सगळं ओळीनं. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख ही खर्चाची मर्यादा, आणि हारातल्या फुलांपासून सगळं तिच्यात बसवायचं. माणसं जमवायला नेमकं काय काय लागतं, याचं इतकं पक्कं पुस्तक सरकारनंच काढून ठेवलंय आणि आम्ही मात्र व्याख्यानमालेच्या बैठकीत ‘माईक कुणाचा आणायचा’ यावर तासभर घालवतो.

तर ही आमची व्याख्यानमाला. पूर्णेत दर हिवाळ्यात आम्ही काही मंडळी ती चालवतो. पूर्णा म्हणजे जंक्शन. एक रूळ परभणी-मनमाडकडे, दुसरा नांदेडकडे, तिसरा वसमत-हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला. इथं उतरणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीत बसण्यासाठीच उतरतो. अशा गावात संध्याकाळी कुणाला तासभर सतरंजीवर बसवायचं म्हणजे काम आहे. आमची तयारी ठरलेली: चौकात एक फ्लेक्स, थोड्या छापील पत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर एक संदेश, खाली हात जोडलेली दोन चित्रं. झाली प्रसिद्धी!

दरपत्रकातले काही शब्द समजेनात म्हणून मी एका जुन्या कार्यकर्त्याला गाठलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. पक्ष कोणता म्हणून विचारलं तर म्हणाले, “ज्याचा नारळ फुटला त्याचा.” स्टेशनसमोरच्या टपरीवर बसलो. दरपत्रक राहिलं बाजूला, मामांनी मलाच उलटं विचारलं:

“सर, तुमच्या कार्यक्रमाची यादी कुठंय?”

“कसली यादी?”

“येणाऱ्यांची.”

“ती आधी कशी असेल मामा? जाहीर कार्यक्रम आहे.”

मामांनी कप खाली ठेवला. “कामून वेळ घालवायलाव मग? जाहीर म्हंजे कुणालाच नाही.”

आणि मग जे सुरू झालं ते ऐकून मी अक्षरशः वहीच्या मागच्या पानावर लिहीत सुटलो. मतदारयादीच्या एका पानावर तीस नावं असतात. एका केंद्राची यादी हजार-बाराशे नावांची. जिथं काम पक्कं असतं तिथं ही यादी पानापानानं वाटून दिलेली असते, एकेका पानाला एकेक माणूस. त्यालाच पन्नाप्रमुख म्हणतात. त्याला गाव सांभाळायचं नसतं, जिल्हा सांभाळायचा नसतो, फक्त तीस नावं. त्यातला कोण पुण्याला कामाला गेलाय, कुणाची आई आजारी आहे, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, हे त्याला तोंडपाठ. ज्या हवेची आपण टीव्हीसमोर बसून चर्चा करतो, ती या पानांवर तयार होते!

घरी येऊन शोधाशोध केली तर आणखी चक्रावलो. मामा जे टपरीवर सांगत होते ते अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी प्रयोग करून सिद्ध केलंय! येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर हे तपासलं. काहींच्या दारात माणूस पाठवला, काहींना पत्रं, काहींना फोन, काहींना काहीच नाही. दारात माणूस गेला तिथं मतदान ठळकपणे वाढलं, पत्रानं किंचित वाढलं, आणि भाड्यानं लावलेल्या फोनवाल्यांचा उपयोग शून्य. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षं झाली की हो! आणि आम्ही अजून ग्रुपवर हात जोडतोय.

दुसऱ्या भेटीत मी मुद्दाम विचारलं, की दारात जाऊन बोलायचं काय? मामा म्हणाले, “येता का, असं विचारायचंच नाही. त्याला कुणी नाही म्हणत नसतं. कितीला निघायलाव, कुणासोबत येणार, असं विचारायचं. बगा मग.” यालाही प्रयोग आहे! २००८ च्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीत डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी लाखो मतदारांच्या यादीवर फोन करवले. एका गटाला नुसतं मतदानाचं आवाहन. दुसऱ्या गटाला तीन प्रश्न: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल. या तीन साध्या प्रश्नांनी मतदान वाढलं, आणि सगळ्यात जास्त वाढलं ते घरात एकटाच मतदार असलेल्यांचं. ज्या घरात दोन-चार माणसं आहेत तिथं ‘चल गं, जाऊन येऊ’ हे आपोआप होतं. एकट्याला ते विचारणारं कुणी नसतं.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या रेल्वे क्वार्टर्स आल्या. बदलीवर आलेले, कुटुंब गावाकडं ठेवलेले, संध्याकाळी ड्युटी संपली की मोबाईल बघत पडणारे कितीतरी लोक तिथं आहेत. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्यापैकी एकालाही दारात जाऊन विचारलेलं नव्हतं. मामा भेटले त्या हिवाळ्यात विचारलं. एकानं तर उलट आम्हालाच ड्युटीचा तक्ता दाखवून सांगितलं, की पहिल्या दिवशी जमणार नाही, दुसऱ्या दिवशी येतो, आणि आला! सोबत आणखी दोघं घेऊन आला.

मामांची आणखी एक गोष्ट. “सभा सुरू कधी होते, हे खेड्यातलं माणूस विचारीत नाही. सुटते कधी, ते विचारतंय.” किती खरं आहे! ताडकळस, चुडावा, एरंडेश्वर, कावलगाव इथून येणाऱ्याला परत जायचं असतं. आमच्या पत्रिकेवर सुरू होण्याची वेळ मोठ्या अक्षरात, सुटण्याची वेळ कुठंच नाही. आम्ही ती छापली आणि पाळलीसुद्धा. वक्त्यांना थोडं जड गेलं, पण ठीक आहे.

आता त्या फ्लेक्सकडे येतो, कारण खरी गंमत तिथं आहे. आपल्याकडच्या फ्लेक्सवर वर नेत्यांचे चेहरे, मधोमध मुख्य माणूस आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून टिकल्यांएवढे चाळीस फोटो. शहरातली शिकलेली मंडळी यावर यथेच्छ हसतात. मीही हसण्यात पुढे. आता हसू येत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीत फेसबुकनं ६ कोटी १० लाख लोकांवर एक प्रयोग केला, तो २०१२ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. काही लोकांना नुसती सूचना दाखवली: आज मतदान आहे, केंद्र इथं आहे. काहींना तीच सूचना, पण खाली मतदान केलेल्या त्यांच्याच मित्रांचे लहान लहान फोटो, जास्तीत जास्त सहा. नुसत्या सूचनेचा परिणाम जवळपास काहीच नाही. मित्रांचे चेहरे दिसले तिथं मात्र लोक उठून मतदानाला गेले, आणि त्यांच्यामुळे त्यांचे मित्रही गेले. संशोधकांचा अंदाज, एकूण ३ लाख ४० हजार मतं वाढली.

म्हणजे आपला तो शुभेच्छुकांचा फ्लेक्स! आपल्या पोरांनी कुठलंही ‘नेचर’ न वाचता हे ओळखलं होतं. चौकातून जाणारा माणूस वरच्या नेत्याकडे बघतच नाही, तो खाली आपल्या भाच्याचा फोटो शोधतो. एवढं समजल्यावर आम्ही फ्लेक्सवर वक्त्याचा फोटो लहान केला (वक्ते मोठे गृहस्थ होते, काही बोलले नाहीत) आणि येणाऱ्या लोकांचे चेहरे घेतले: भाजीवाल्या मावशी, निवृत्त गार्ड, शाळेच्या शिपाई ताई, दोन कॉलेजच्या मुली. ज्याला त्याला त्याच्या फोटोचं वेगळं चित्र करून दिलं, ‘मी येणार आहे’ एवढंच लिहिलेलं, स्टेटसला ठेवायला. ग्रुपवर टाकलेलं कुणाचंच नसतं, स्टेटस मात्र माणसाचं स्वतःचं असतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलंय, तेव्हा हजार ठिकाणी फॉरवर्ड करण्याचा तो जुना धंदा तसाही बसलाच आहे.

चिन्हाचंही तसंच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. बैलजोडी, झोपडी असली ओळखीची चित्रं. सत्तर वर्षांनंतरही चिन्हाची ताकद किती, ते २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाचं चिन्ह दिसायला त्याच्या वळणावर जाणारी पिपाणी. पक्षाचा उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी पडला आणि अपक्षाच्या पिपाणीला ३७ हजारांवर मतं! कार्यक्रमाचं चित्र दुसऱ्या कशासारखं दिसलं तर काय होतं, याचा याहून महाग धडा नसेल. आम्ही ठरवलं, चित्र एकच आणि पूर्णेचं. गार्डचा हातदिवा. या गावात कुणी ना कुणी रेल्वेत नाही असं घर शोधावं लागेल. पत्रिकेवर तोच दिवा, फ्लेक्सवर तोच, दाराशीही एक खरा जुना दिवा लावून ठेवला. (राष्ट्रीय जनता दलाचं चिन्ह कंदील आहे, अशी शंका बैठकीत एकानं काढली होती. पूर्णेत बिहारचं राजकारण कोण काढतंय, म्हणून ती निकालात काढली.)

पण चिन्ह गाजलं म्हणजे काम झालं असंही नाही. आपल्याच परभणी मतदारसंघात २०२४ ला महादेव जानकरांचं चिन्ह शिट्टी होतं. नुसतं दिसणारं नाही, ऐकू येणारं चिन्ह, पोरंसोरं फुकट वाजवत फिरणारं! जाहिरातवाल्यानं स्वप्नात मागावं असं. निकाल लागला तेव्हा समोरचे संजय जाधव सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. आवाजाची मोजणी वेगळी आणि मतांची वेगळी.

हेच एप्रिल २०१९ मध्ये शेजारच्या नांदेडला घडलं होतं. राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता भाजपविरोधात सभांचा धडाका लावला, मंचावर मोठा पडदा, आणि भाषणाच्या मध्येच ‘लाव रे तो व्हिडिओ’! त्या चार शब्दांनी महाराष्ट्र वेडा झाला. लग्नात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, किराणा दुकानात पोरं तेच म्हणत होती. नांदेडच्या सभेची गर्दी बघून आमच्याकडचे लोकही भारावून गेले. आणि मतमोजणीत? नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाणच पडले, राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी मिळून पाच जागा. व्हिडिओ बघणाऱ्यानं व्हिडिओ बघितला. उठून जायचं काम त्याला कुणी नावानं सांगितलंच नव्हतं. तरी पडदा मंचावर आणायची युक्ती मला जबरदस्त आवडली. आम्ही एका संध्याकाळी वक्त्यांच्या मागे मीटरगेजच्या काळातले पूर्णेचे फोटो दाखवले, लोकांनीच आपापल्या अल्बममधून काढून दिलेले. वाफेचं इंजिन पडद्यावर आलं तेव्हा म्हाताऱ्या ड्रायव्हर लोकांनी व्याख्यान थांबवून स्वतःच सांगायला सुरुवात केली. वक्ते खाली बसले. त्या संध्याकाळचं तेच सगळ्यात चांगलं व्याख्यान!

याच्या अगदी उलट उदाहरण साताऱ्याचं, १८ ऑक्टोबर २०१९. शरद पवार भाषणाला उभे राहिले आणि पाऊस कोसळला. ते भिजत बोलत राहिले. भाषण लहानसं. लोकसभेला उमेदवार निवडताना चूक झाली, हे त्यांनी सरळ कबूल केलं. तो एक फोटो रात्रीतून राज्यभरच्या मोबाईलवर पोचला. मतदान २१ तारखेला होतं, मध्ये दोनच दिवस, आणि साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील निवडून आले. पाऊस काही मागवता येत नाही, हे मान्य. पण फोटो लागला त्याच वेळी गावोगाव यादी घेऊन फिरणारी माणसंही जागेवर होती. हा भाग मोबाईलवर दिसत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

मतदानाच्या दिवशी ही माणसं काय करतात ते मामांनी सांगितलं तेव्हा तर मी टाळीच वाजवली. केंद्राबाहेरच्या टेबलावर यादी असते, चिठ्ठी घेऊन गेला की नावापुढे खूण. दुपार झाली की खूण नसलेली नावं वेगळी काढायची आणि फक्त त्यांच्याच घरी जायचं. किती सोपं! आम्ही कार्यक्रमाआधी अर्धा तास हेच केलं. दारात यादी, आलेल्यावर खूण, न आलेल्याला फोन: “दिवा लावलाय, खुर्ची ठेवलीय, निघालात का?” निम्मे लोक खरंच चपला घालत होते.

आणि सगळ्यात मोठा धडा कुठल्या पक्षाचा नाहीच. २०१६ चे मराठा क्रांती मूक मोर्चे आठवा. ९ ऑगस्टला औरंगाबादपासून सुरुवात, मग मराठवाड्यातले जिल्हे एकामागून एक, पुढं सगळं राज्य, वर्षानं ९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई. मंचावर नेता नाही, भाषण नाही, घोषणा नाही. पुढं मुली, निवेदन मुलींच्या हातून, शेवटी राष्ट्रगीत, पुढारी असलेच तर मागच्या रांगेत. मोबाईलवर फिरलं काय? आचारसंहिता. वाहनं कुठं लावायची, पाणी कुठं, रस्त्यात कचरा टाकायचा नाही. मोर्चा गेला की स्वयंसेवक मागून रस्ता झाडत यायचे. मागण्यांबद्दल कुणाचं काहीही मत असो, लाखो माणसं आवाज न करता येतात आणि रस्ता स्वच्छ करून जातात, हे आयोजन म्हणून थक्क करणारं आहे. ‘या, या’ म्हणण्यापेक्षा ‘आल्यावर असं वागायचं’ हे सांगितलं की येणाऱ्याला आपण पाहुणा न राहता कामाचा माणूस झाल्यासारखं वाटतं. आम्ही आमच्या चिठ्ठीवर तेच केलं: येताना एक वाचून झालेलं पुस्तक आणा, सतरंजी घालायला दहा मिनिटं लवकर या. लोक लवकर आले! सतरंजी घालण्यावरून थोडी बाचाबाचीसुद्धा झाली.

पूर्णेत जयंती मंडळांना आणि धम्म परिषदेला येणाऱ्या लोकांना हे नवीन नाही. तिथं आधी वर्गणीची पावती फिरते. पन्नास रुपयांची का होईना पावती ज्याच्या खिशात आहे, तो कार्यक्रम आपला समजून येतो. भाषणाआधी भीमगीतं असतात, म्हणजे लोक आधी जमतात आणि मग ऐकतात. जलशांनी हे सगळं समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी करून दाखवलंय, आंबेडकरी जलशांनी आणि त्याआधी सत्यशोधक जलशांनीही.

सगळंच उचलायचं नाही, हे सांगायला नको. रोजानं आणलेली माणसं घड्याळ बघत बसतात आणि जेवणाचं पाकीट मिळालं की उठतात. ती गर्दी व्याख्यानाला नको. रात्री दहानंतर भोंगा बंद म्हणजे बंद. फ्लेक्सला नगरपरिषदेची परवानगी घ्या आणि कार्यक्रम झाल्यावर स्वतः उतरवा. खोटा मजकूर फिरवून जमवलेला माणूस पुढच्या वर्षी फिरकत नाही, पक्षांना पाच वर्षांनी यायचं असतं, आम्हाला दर हिवाळ्यात यायचंय.

माझा निकाल असा: गर्दी यादीनं येते, फ्लेक्स आणि मोबाईल त्या यादीला चेहरे देतात, बाकी सगळी सजावट. पुढची निवडणूक लागली की कुठल्याही पक्षाच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्यासोबत एक दुपार फिरा, मत कुणालाही द्या. आणि येत्या हिवाळ्यात आमच्या व्याख्यानमालेला या. प्रवेश मोफत आहे, सुटण्याची वेळ पत्रिकेवर छापलेली असते. फक्त कितीच्या गाडीनं येणार आणि सोबत कोण, तेवढं आधी कळवा. यादीत नाव घालायचंय.